वर्ग निवडा

आईनं चष्मा पुसला, कंट्रोलर हातात घेतला
उलटा. मी सुलटा करून दिला.
पडद्यावर आलं : वर्ग निवडा.
ती म्हणाली, कितवीपर्यंतचे आहेत?

तीन वर्षं मी हेच लिहितोय, वूच शहरातल्या
जुन्या गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर.
आता तिथं कॉफीचं यंत्र आहे, लोळायला गाद्या आहेत.
पूर्वी तिचा माग होता, एकशे बारा नंबरचा.
पुलावरच्या पहारेकऱ्याला मी एक प्रश्न देतो
आणि खाली उत्तरं, ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणं.
योद्धा म्हणतो, बाजूला हो.
पंडित म्हणतो, ह्या पुलावरचा शिलालेख चुकीचा कोरलाय.
सरदारपुत्र काही म्हणतच नाही, अंगठी दाखवतो.
ज्याची बुद्धी चारच्या खाली, त्याला मी
तीनच शब्द दिलेत : मी जाणार तिकडे.
ऑफिसात सगळे हसले होते त्यावर. मीही.

पहारेकरी तोच, धुकं तेच, प्रश्नही तोच.
तोंड कुणाचं आहे त्यावर ठरतं
जिभेवर काय येऊ शकतं.
बाकीची वाक्यं राखाडी. दिसतात, उचलता येत नाहीत,
आईच्या तरुणपणी दुकानाच्या काचेत मांडलेल्या,
'विक्रीसाठी नाहीत' अशी चिठ्ठी लावलेल्या
संत्र्यांसारखी.

आईनं योद्धा घेतला. दंड आवडले तिला.
पुलावर आली. पहारेकऱ्यानं विचारलं, कोण तू?
तिनं उत्तरं वाचली ओठ हलवत,
मग पुन्हा पहिल्यापासून.
"ह्यातलं मी कुठलं म्हणू?"
कुठलंही, मी म्हणालो, खेळ आहे.
"हा सगळ्यांवर ओरडतो कशाला?"
योद्धा आहे, आई.
"वालेरियाचा नवरा सैन्यात होता. बाजारात
कोबीचा भाव विचारायलासुद्धा लाजायचा."

मग ती मागांबद्दल बोलली. क्वचित बोलते.
दोनशे माग एका दमात चालायचे तेव्हा
कानात कापूस, आणि बोलणं सगळं ओठांचं.
आवाज नाही, नुसता आकार.
लग्न ठरलं, पगार कापला, मुकादम येतोय,
चार रांगांपलीकडून वाचता यायचं.
संपाच्या आदल्या दिवशी अख्खं खातं बोललं
आणि मुकादमाला वाटलं, बायका पाव चघळतायत.
"असा वर्ग आहे का तुझ्याकडं?"

नव्हता. बारा होते. गारुडी होता,
हाकललेला पुरोहित होता,
मनात आलं की अस्वल होणाराही एक होता.

त्या रात्री फाइल उघडून पुलाच्या प्रसंगात
मी आणखी एक ओळ घातली :
[विणकर] तुझ्या बाहीचा टाका उसवलाय. थांब, घालून देते.
यावर पहारेकऱ्यानं काय म्हणावं, सुचेना.
तीन वाजेपर्यंत तो भाला धरून उभा, मी कर्सर धरून.
शेवटी लिहिलं : तो हात पुढं करतो.

सोमवारी लुबोमिरानं ती ओळ काढली.
वाईट नाहीये, म्हणाली, पण एका ओळीसाठी अख्खा वर्ग?
आवाज कोण देणार, अकरा भाषांत कोण नेणार,
आणि निवडणार कोण?
बरोबरच होतं तिचं. ती साहेब, मी कराराचा माणूस.
माझ्याकडं त्या क्षणी तीन उत्तरं होती,
त्यातली दोन राखाडी.
उरलेलं मी म्हणालो : ठीक आहे.

आई आता चोर खेळते. रोज, सूप गार होईपर्यंत.
चोराला तू सगळ्यात चांगली वाक्यं दिलीस, म्हणते,
त्याला कुणीही होता येतं.
परवा पुलावर तिनं स्वतःला मिठाचा व्यापारी सांगितलं,
त्याआधी दाई,
त्याआधी पहारेकऱ्याची मावसबहीण, आणि त्यानं
धाकट्याची खुशालीही विचारली.
बटण दाबण्याआधी दर वेळी तिचे ओठ हलतात.
शेजारच्या खुर्चीतून मी वाचायला बघतो.
पडद्यावर असतं त्यातलं ते कुठलंच नसतं.